डोंगरावर रोज तीनशे

मंडळाच्या तरुण मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. जोडून सुट्टी आली की कुणीतरी लिहितं, "कुद्रेमुखला जाऊया का? शुक्रवारी रात्री निघू, रविवारी परत." खाली वीस अंगठे पडतात. गाडी कुणाची, डबे कुणाकडचे, स्पीकर कोण आणणार, सगळं ठरतं. परवानगीचं मात्र कुणी विचारत नाही. गेली काही वर्षं अशा सहलींची जमवाजमव माझ्याकडे येते. त्यामुळे या विषयावर एकदा सविस्तर लिहावं, असं संपादकांनी सुचवलं.

आमच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. हुबळी-धारवाडची मुलं पाठीवर पिशवी टाकायची, पहाटेच्या गाडीनं कॅसलरॉकला उतरायची आणि रुळांच्या कडेनं चालत दूधसागरला पोहोचायची. कुणी विचारायचं नाही आणि विचारायला तिथं कुणी नसायचंही. आज तीच गोष्ट केली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा ठरतो. २०२३ च्या जुलैत पावसाळी गर्दी दूधसागरकडे लोटली, तेव्हा रेल्वे पोलिसांनी लोकांना अडवलं. रुळांच्या कडेला उठाबशा काढणाऱ्या तरुणांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आपल्या हुबळीतच मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेनं त्यानंतर रुळांवरून चालू नका, असं आवाहन केलं. "तुम्ही जायचात, मग आम्ही का नाही?" असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकंच, की तेव्हा आम्ही दहा जण असायचो आणि आता एका रविवारी हजारो असतात.

परवानगी आली कुठून?

जंगलात शिरायला परवानगी लागणं ही नवी गोष्ट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच ते आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणालाही आपल्या मर्जीनं शिरता येत नाही. कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी देता येते ते सांगितलं आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथं राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू होतं. म्हणजे आमच्या वेळीही नियम होता, फक्त नाक्यावर तो विचारला जात नव्हता.

तो अधिक काटेकोरपणे विचारला जायला लागला २०२४ पासून. त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आला होता. तीन दिवसांची सुट्टी मिळाली आणि कुक्के सुब्रह्मण्यजवळच्या कुमार पर्वतावर हजारो लोक एकाच वेळी पोहोचले. वाटेवर मुंगीला जागा नाही असे फोटो देशभर फिरले. त्यानंतर वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी ऑनलाइन नोंदणीची सोय नसलेल्या मार्गांवरचं ट्रेकिंग तात्पुरतं थांबवलं. (खंड्रे बिदर जिल्ह्यातल्या भालकीचे, म्हणजे मराठी कानावर पडत असलेल्या भागातले.) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या वनखात्यानं 'अरण्य विहार' नावाची वेबसाइट सुरू केली. राज्यातल्या ट्रेकमार्गांची नोंदणी एका ठिकाणी आली आणि एका मार्गावर दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं अशी मर्यादा ठरली.

तीनशे हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण बेंगळुरू शहराची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली आहे, त्यात मंगळुरू, म्हैसूर आणि आपण. एवढ्या सगळ्यांना शनिवारच हवा असतो. जागा किती पटकन संपतात ते सांगायला नको.

चौदा नावं, नऊ जागा

गेल्या वर्षीचा आमचाच अनुभव सांगतो. कुद्रेमुखसाठी आम्ही चौदा जण तयार झालो. त्यात माझी भाची होती. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि पुढच्याच सोमवारी हजर व्हायचं होतं. मुलगी घराबाहेर पडण्यापूर्वी तिच्याबरोबर एक डोंगर चढायचा, असं वहिनींनी मनाशी ठरवलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या वहिनी त्यासाठी दोन महिने रोज सकाळी नृपतुंग बेट्टाच्या पायऱ्या चढत होत्या.

आम्हाला हव्या असलेल्या शनिवारी नऊच जागा शिल्लक होत्या.

मग फोन सुरू झाले. शहराबाहेरच्या एका सहल-आयोजकाचा नंबर कुणीतरी दिला. तो म्हणाला, "पाच जागा माझ्याकडे आहेत, काळजी करू नका." पैसे दुप्पट होते, तेही चाललं असतं. मी विचारलं, परवानगीवर आमची नावं असतील ना? तो म्हणाला, "नावं दुसऱ्यांची असतील, पण चौकीवर एवढं कोण बघतंय?" तिथंच विषय संपायला हवा होता. पण संपला नाही, कारण ग्रुपमधल्या निम्म्यांना हा मार्ग बरा वाटत होता. आयुष्यात एकदाचा प्रसंग आहे, थोडं इकडंतिकडं चालतं, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री बराच वाद झाला.

वाद मिटवला तो भाचीच्या वर्गातल्या एका मुलानं. नऊ जणांच्या यादीत त्याचं नाव होतं आणि वहिनींचं नव्हतं, कारण आम्ही तरुणांना आधी जागा द्यायचं ठरवलं होतं. त्यानं ग्रुपवर एवढंच लिहिलं, "काकूंना जाऊ द्या. मी मंगळवारी येतो." त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. नोंदणी व्हायची होती, त्यामुळे नावं बदलायला अडचण नव्हती. नऊ जण शनिवारी गेले. राहिलेल्या पाच जणांसाठी तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार पाहिला, तर जागाच जागा.

शनिवारच्या मंडळींनी परत आल्यावर सांगितलं, की चौकीवर प्रत्येकाचं ओळखपत्र परवानगीशी जुळवून पाहिलं. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या एका मिनीबसमधल्या मुलांची नावं जुळली नाहीत. रात्रभर प्रवास करून आलेली ती मुलं तिथूनच परत फिरली. त्यांनी पैसे कुणाला दिले होते कोण जाणे. मला त्या मुलांची कीव आली, कारण दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. वहिनी मात्र लेकीच्या पुढे दहा मिनिटं शिखरावर पोहोचल्या होत्या.

तिथं आहे तरी काय?

कुद्रेमुख म्हणजे कन्नडमधलं 'कुदुरे मुख', घोड्याचं तोंड. एका बाजूनं पाहिलं तर डोंगराची कडा खरंच तशी दिसते. उंची सुमारे १,८९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास अडीचशे मीटर जास्त. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या कळसा-संसे भागात मुक्काम करायचा, पहाटे जीपनं मुळ्ळोडीपर्यंत जायचं आणि तिथून चालायला लागायचं. येऊन-जाऊन वीस किलोमीटरच्या आसपास चाल आहे. वाटेत 'ओंटी मर' नावाची खूण लागते. ओंटी मर म्हणजे एकटं झाड. नाव ऐकूनच ओळखता येतं. पावसाळ्यात ओढे पायाखालून वाहतात आणि जळवा मोज्यांच्या आत शिरतात. वर गवताचे उघडे माथे, आणि दोन माथ्यांच्या खोबणीत दाट, बुटकं जंगल. त्याला शोला म्हणतात. हेच शोला पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि महिनोन्‌महिने सावकाश खाली सोडतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात. तुंगा आणि भद्रा एकत्र होऊन तुंगभद्रा होते आणि आपल्या शेजारच्या हावेरी, हरिहर, होसपेटकडे येते. तिथल्या गवताशी आपल्या ताटातल्या भाताचा असा संबंध आहे.

हे जंगल आपोआप वाचलेलं नाही. १९७६ मध्ये इथं लोहखनिजासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि खाणीतला माल पाण्यात कालवून नळानं थेट मंगळुरूच्या बंदरापर्यंत नेला जाऊ लागला. १९८७ मध्ये सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे सिंहपुच्छ वानर, जगात फक्त सह्याद्रीत सापडणारा काळ्या अंगाचा, रुपेरी आयाळीचा वानर. उद्यान झालं तरी खाण चालूच राहिली. ती बंद व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल लागला आणि प्रत्यक्षात २००५ च्या अखेरीस ती थांबली. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात कुद्रेमुख आहे आणि आपलं कासही आहे. खाण थांबवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं लढले. त्या डोंगराची वाट आता बुटांनी आणि चिप्सच्या पाकिटांनी खराब होऊ द्यायची का, हा प्रश्न तीनशेच्या आकड्यामागे आहे.

अमेरिकेत वेगळं नाही

माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तो दिवाळीला आला तेव्हा मी त्याला आमची चौदा नावांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तो हसेल. तो म्हणाला, "तुमचं तर एका आठवड्यात जमलं. मी हाफ डोमसाठी तीन वर्षं चिठ्ठी टाकतोय."

त्याच्या घरापासून चारेक तासांवर योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास लोक येतात. तिथल्या जंगलात रात्री मुक्काम करायचा तर परवानगी हवीच, आणि प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी दिवसाला किती जणांनी निघायचं हे ठरलेलं असतं. तुम्ही तंबू कुठं ठोकता याची मोजदाद ते करत नाहीत, कुठून सुरुवात करता याची करतात. वाटेच्या तोंडाशी संख्या आवरली की आत माणसं आपोआप पांगतात, असा तो हिशोब आहे. साधारण ६० टक्के परवानग्या २४ आठवडे आधी सोडतीनं दिल्या जातात आणि उरलेल्या ४० टक्के निघण्याच्या सात दिवस आधी खुल्या होतात. म्हणजे सहा महिने आधी ठरवणाऱ्यालाही जागा आहे आणि आयत्या वेळी सुट्टी मिळालेल्यालाही. हा भाग मला फार आवडला. आपल्याकडेही असं काही झालं तर नर्सिंगच्या पाळ्या करणाऱ्या किंवा दुकान सांभाळणाऱ्या मुलामुलींची सोय होईल.

हाफ डोम हा तिथला प्रसिद्ध कातळ. शेवटच्या चढावर लोखंडी दोरखंड धरून जावं लागतं. गर्दीच्या शनिवारी हजाराच्या आसपास माणसं त्या दोरखंडांवर लटकलेली असायची. २०१० पासून तिथं परवानगी सुरू झाली. दिवसाला किती? तीनशे. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन खाती वेगवेगळ्या कारणांनी एकाच आकड्यावर आली, याची आम्हा दोघांनाही गंमत वाटली.

एक फरक मात्र मोठा आहे. तिथं परवानगी मुख्यतः रात्रीच्या मुक्कामासाठी लागते, दिवसा चालायला बहुतेक वाटांवर लागत नाही. आपल्याकडे उलट. दिवसाची परवानगी मिळते, पण राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून राहायला नाही. संध्याकाळपर्यंत चौकीवर परतावं लागतं. मुलांना याचा राग येतो. इंस्टाग्रामवर तंबूतून दिसणारा सूर्योदय पाहिलेला असतो ना! पण आपल्या जंगलात गवा, अस्वल, बिबट्या, कुठं कुठं हत्तीही आहेत. उन्हाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं, म्हणूनच त्या महिन्यांत वनखातं कितीतरी मार्ग पूर्ण बंद ठेवतं. शिवाय या उद्यानाच्या कडेला आणि आतही पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. त्यातली काही स्थलांतर करून बाहेर आली. ज्यांना आपलं घर-शेत सोडावं लागलं, त्यांच्या जागेत आपण शेकोटी पेटवून गाणी लावणं बरं दिसत नाही.

महाराष्ट्रातला वासोटा आणि आपली काळी नदी

ज्यांना मराठी वातावरणात हाच अनुभव घ्यायचा आहे त्यांनी वासोट्याला जावं. आपल्या घरासमोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की थेट साताऱ्याला पोहोचतो. तिथून कासवरून बामणोलीला. बामणोलीत वनखात्याकडे नोंद करायची, ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं आणि शिवसागर जलाशयातून बोटीनं पलीकडे जायचं. पलीकडे कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बोट गाठावी लागते. शिवाजी महाराजांनी या किल्ल्याला व्याघ्रगड नाव दिलं, असं सांगतात. पावसाळ्यात तो बंद असतो, थंडीत जावं. कासच्या फुलांसाठीही दिवसाची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे, हे लक्षात ठेवा. एकाच सहलीत दोन्ही जमवायला जाल तर हंगाम जुळत नाही.

आणि आपल्या अगदी उशाशी काळी व्याघ्र प्रकल्प. दांडेली धारवाडपासून तास-दीड तासावर. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये हा प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. इथं गाभा क्षेत्रात मनाला येईल तिथं चालता येत नाही. वनखात्याची सफारी घ्यायची किंवा ज्या वाटा उघड्या आहेत त्यांची माहिती वनकार्यालयात विचारून घ्यायची. "जवळच आहे, ओळखीचा माणूस आहे" हा परवाना नाही.

घरात चिकटवून ठेवण्यासारखं

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, तारीख ठरवण्याआधी जागा पाहा. आपण रजा टाकतो, गाडी ठरवतो, होमस्टेला आगाऊ पैसे देतो आणि शेवटी परवानगीकडे वळतो. क्रम उलटा करा. परवानगी हातात आली की मगच बाकीचं.

दुसरी, मार्ग उघडा आहे का ते निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. वणवा, दरड, अतिवृष्टी यामुळे एका दिवसात मार्ग बंद होऊ शकतो.

तिसरी, ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव सारखं ठेवा. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास होतो. लग्नानंतरचं नाव आधारवर एक आणि कॉलेजच्या कार्डावर दुसरं. घरात 'पिंटू' असलेल्याला नोंदणीतही पिंटू लिहू नका.

चौथी, कुणी "नावाचं बघून घेतो" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेले तर कमावता येतात. पण चौकीवरून परत फिरलेल्या आई-वडिलांचा चेहरा पाहवत नाही.

आणि जमलं तर शनिवार सोडा. मला माहीत आहे, नोकरी आणि शाळा असताना हे सांगणं सोपं आहे. पण आम्ही पाच जण त्या मंगळवारी गेलो तेव्हा वाटेवर मोजून तीस-चाळीस माणसं होती. स्वतःची जागा वहिनींना दिलेला तो मुलगा आमच्याबरोबर होता. आमच्या सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्यानं आपल्या पिशवीत भरल्या होत्या आणि ओंटी मरापाशी बसून तो सगळ्यांना चपाती-चटणी वाढत होता. समोरच्या माथ्यावर सांबरांचा कळप चरत होता. गाईडनं हात वर केला आणि आम्ही दहा मिनिटं न बोलता उभे राहिलो. शनिवारच्या नऊ जणांना ते सांबर दिसले नव्हते.

मर्यादा सगळ्यांना सारखी वागवते असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे चांगलं इंटरनेट आहे, इंग्रजी किंवा कन्नड फॉर्म भरता येतो, कार्डानं पैसे देता येतात, त्याला जागा आधी मिळते. आपल्या मंडळात असे कितीतरी काका-मावशी आहेत ज्यांनी आयुष्यभर डोंगर पाहिले, पण हा फॉर्म त्यांना भरता येणार नाही. तरुणांनो, तिथं तुमचं काम आहे. पुढच्या वेळी नोंदणी करायला बसाल तेव्हा आपल्या चार मित्रांच्या नावांबरोबर घरातलं किंवा शेजारचं एक मोठं माणूस विचारून घ्या. गुडघे चालत असतील तर शिखर, नसतील तर मुळ्ळोडीपर्यंतची जीप. तेवढ्यानंही त्यांना खूप आनंद होतो.

यंदाच्या कुद्रेमुखसाठी नावं मी पुढच्या महिन्यापासून घेतो आहे. या वेळी आधीच दोन गट करू या, एक सुट्टीच्या दिवशीचा आणि एक आठवड्यातल्या मधल्या दिवशीचा. आधारवरचं नाव लिहून पाठवा.